घरी गुमान चालणारा टंग जॅक कॅम्पसाइटवरच फ्यूज का उडवतो?

सलग तीन सहलींत तेच. घरच्या ड्राइव्हवेवर ट्रेलरचं नाक मोटरवर उचलणारा जॅक गुमान चालतो, ट्रेलर ट्रकला जोडून आम्ही निघतो. परतीच्या दिवशी कॅम्पसाइटवर ट्रक मागे आणला, कपलर (ट्रेलरच्या नाकावरची वाटी) ट्रकमागच्या बॉलवर बसला, लॅच लागला, आता स्प्रिंग बार (ट्रेलरचा भार वाटून देणारे पोलादी दांडे) चढवण्यासाठी जॅकनं पुढची बाजू उचलायची, तर चार-पाच इंचांवर जॅकचा सूर बदलतो. आधी घरघर, मग कण्हल्यासारखा लांब आवाज, आणि टक्. ३० अँपिअरचा फ्यूज गेला. मग जॅकच्या डोक्यावरचं रबरी बूच काढायचं, हँडल घालायचं आणि दळण दळल्यासारखं हातानं फिरवत बसायचं. चेकआउटची वेळ टळून गेलेली, आणि पुढचं बिऱ्हाड रस्त्यात गाडी लावून आपल्याकडे बघतंय.

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगते: आमचा जॅक क्षमतेनं लहान होता. पण हे कळायला आम्हाला दोन जॅक, सात-आठ फ्यूज आणि पूर्ण एक उन्हाळा लागला, कारण ज्या वजनाशी आम्ही त्याची क्षमता ताडून बघत होतो ते वजनच चुकीचं होतं. तुमचंही तसंच होत असेल तर पुढे वाचा. दोष वायरिंगचा निघाला तर तोही वाटेत सापडेल.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बाजूला राहतो. २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, जुना घेतलेला, आणि ओढायला हाफ-टन पिकअप. ट्रक मागे-पुढे घेणं नवऱ्याकडे, जोडणं-सोडणं माझ्याकडे. म्हणजे जॅकचं बटण माझ्या हातात आणि जॅक बंद पडला की बोलणीही मलाच.

ज्यांनी ट्रेलर ओढलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी लोखंडी नाकाला इथं टंग म्हणतात. बैलगाडीची धुरा डोळ्यांपुढे आणा. बैल सोडले की धुरेखाली टेकू लावतात, तो टेकू म्हणजे टंग जॅक. फक्त हा टेकू मोटरवर खाली-वर होतो.

ट्रेलरबरोबर आलेल्या जॅकवर २,००० पौंड लिहिलेलं होतं. कंपनीच्या ब्रोशरमध्ये आमच्या मॉडेलचं हिच वेट, म्हणजे टंगचा ट्रकवर येणारा भार, ६१० पौंड. नवरा म्हणाला, तिपटीपेक्षा जास्त क्षमता आहे, वजनाचा प्रश्नच नाही. मलाही पटलं. म्हणून पहिल्या सहलीनंतर फ्यूज बदलला, दुसरीनंतर बॅटरी, आणि तिसरीत आतले गिअर खडखडले तेव्हा अख्खा जॅक. ज्या दुकानातून नवा घेतला तिथल्या माणसानं जुन्याचा आकडा विचारला आणि तेवढ्याच क्षमतेचा काढून दिला. ट्रेलर केवढा, ट्रक कुठला, हिच (ट्रक-ट्रेलर जोडणारा सांधा) कोणती, काहीही विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही म्हणा.

नवा जॅक घरी मस्त चालला. पुढच्याच सहलीत, परतीच्या दिवशी, टक्.

त्या दिवशी नवऱ्यानं ४० चा फ्यूज टाकायचा घाट घातला होता. तुमच्याही घरात कुणाच्या डोक्यात ही कल्पना आली तर तिथंच हाणून पाडा. फ्यूज जॅकला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो. तार ३० साठी दिलेली असताना फ्यूज ४० चा लावला, तर जळण्याची पाळी तारेवर येते, आणि ती तार जाते गॅसच्या सिलिंडरांच्या शेजारून.

दोष विजेचा की वजनाचा?

आधी जॅक कसा हरतो ते नीट बघा. मोटर किती अँपिअर ओढते हे तिच्यावरच्या भारावर ठरतं. ती किती वेगानं फिरते हे मुख्यतः तिच्यापर्यंत पोचलेल्या व्होल्टवर. म्हणून जॅक रडतखडत, मंद चालतो पण फ्यूज शाबूत राहतो, तेव्हा बॅटरी, तार किंवा अर्थ (वीज परत जायची वाट) तपासा. फ्यूज उडतो तेव्हा भार जास्त आहे, नाहीतर जॅकचा पाय नळीत कुठंतरी अडकतोय. नियम काटेकोर नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. आमच्याकडे दोन्ही दोष एकत्र नांदत होते, म्हणून तर एवढा गोंधळ झाला.

मल्टिमीटर घ्या. बॅटरीवर विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मग कुणाला तरी बटण दाबायला लावा आणि जॅक भार उचलत असताना पुन्हा मोजा, एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि एकदा जॅकपाशी. आमच्याकडे बॅटरीवर १२.० होते आणि जॅकपाशी १०.३. पाच फुटांच्या वाटेत १.७ व्होल्ट गडप. कुठं गेले ते शोधायला एक टोक जॅकच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. जॅक चालू असताना तिथं १.२ व्होल्ट दिसले. अर्थ चांगला असता तर जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं.

कारण साधं आहे. अशा बऱ्याच जॅकना येणारी लाल तार एकच. वीज परत जाते ती जॅकच्या बॉडीतून, तिच्या तीन बोल्टांतून आणि ट्रेलरच्या फ्रेममधून. फ्रेमवर कारखान्यातला जाड काळा रंग, त्याखाली मिशिगनच्या रस्त्यावरच्या मिठानं धरलेला गंज, आणि आम्ही त्यावरच नवा जॅक आवळून मोकळे. तिन्ही बोल्ट काढले, बसकणीखालचा रंग घासून लोखंड पांढरं केलं, दातेरी वॉशर घातले, आणि शिवाय जॅकच्या एका बोल्टापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी जाड तार ओढली. आता जॅकपाशी ११.४ व्होल्ट. जॅकचा वेग लगेच वाढला. नवऱ्यानं विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या सहलीत फ्यूज पुन्हा उडाला. या वेळी जरा लवकर.

म्हणून दुसरी तपासणी: भाराविना. ट्रेलर बॉलवर टेकलेला असताना जॅकचा पाय जमिनीवरून पूर्ण उचला आणि तसाच खाली-वर करा. हवेतसुद्धा तो कण्हत असेल तर पाय वाकलेला आहे, आतलं ग्रीस वाळलंय किंवा गिअर गेले आहेत. पाय खाली येताना एकटक बघा. तळ गोल गोल डुलत असेल तर नळी वाकली म्हणून समजा. पाय पुरता वर न घेताच ट्रक पुढे सरकवला की हे होतं, आणि तशा जॅकला मोठ्या क्षमतेचा पर्याय शोधण्याआधी ड्रायव्हरला चार शब्द सुनावावे लागतात. आमचा जॅक हवेत शिट्टी वाजवत चालत होता. म्हणजे दोष भाराचाच.

पण भार किती?

ब्रोशरमधले ६१० पौंड हे कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या ट्रेलरचं वजन. त्यात आमच्या बॅटऱ्या नाहीत, गॅस नाही, पाणी नाही, आणि कांदे-बटाटे तर नाहीतच. ट्रेलर जिथं बनतो ते एल्कहार्ट आमच्यापासून तीनेक तासांवर, इंडियानात. तिथून तो निघतो तेव्हाचं वजन आणि आपण दोन पोरं, चार दिवसांचा शिधा घेऊन निघतो तेव्हाचं वजन यांचा संबंध लग्नाआधीच्या फोटोइतकाच.

एक २० पौंडी गॅस सिलिंडर रिकामा १७ पौंडांच्या आसपास असतो, भरला की ३७. आमचे दोन, म्हणजे ७४. दोन डीप सायकल बॅटऱ्या प्रत्येकी ५५ धरा, ११०. हे सगळं थेट टंगवर. शिवाय पलंगाखालचं पुढचं सामान: कुकर, बिडाचा तवा, तांदळाची गोणी, खुर्च्या, पाण्याचे पाइप. पाण्याची टाकी ४० गॅलनची आणि एक गॅलन पाणी ८.३४ पौंड, म्हणजे भरली तर ३३० पौंडांहून जास्त. ती चाकांच्या पुढे असेल तर त्यातलाही वाटा टंगवर येतो.

खरं वजन घरीच मोजता येतं, बाथरूममधल्या वजनकाट्यावर. दिवाळीनंतर ज्यावर उभं राहायची माझी हिंमत होत नाही तोच काटा. एक जाडजूड फळी घ्या. तिच्या एका टोकाखाली विटा, दुसऱ्या टोकाखाली काटा, आणि दोन्हींवर पाइपचा एकेक आडवा तुकडा, म्हणजे फळी नेमकी कुठं टेकते ते कळेल. दोन पाइपांमध्ये बरोबर तीन फूट अंतर ठेवा. जॅकचा पाय विटेकडच्या पाइपापासून एक फुटावर, म्हणजे काट्याकडच्या पाइपापासून दोन फुटांवर टेकवा. ट्रेलर सपाट हवा, चाकांना अडणी हवी, कपलर मोकळा. आता काट्यावर फक्त एक तृतीयांश वजन येतं. आमचा काटा नुसत्या फळीला १२ दाखवत होता, जॅक टेकल्यावर ३१७. वजाबाकी ३०५, त्याची तिप्पट ९१५ पौंड.

९१५! ब्रोशरच्या दीडपट.

इथं एक बारकावा आहे, तो मला फार उशिरा उमगला. जॅक बॉलच्या जागी नसतो, बॉलच्या मागे असतो, चाकांच्या जवळ. तरफेचा हिशेब लावा. आमच्या ट्रेलरच्या दोन आसांच्या मध्यापासून बॉल १७ फुटांवर आणि जॅक साडेपंधरा फुटांवर. म्हणून तेच वजन बॉलवर ८३४ भरतं आणि जॅकवर ९१५. टंग वेटचे जे आकडे सगळीकडे सांगतात ते बॉलवरचे असतात. जॅकला नेहमी थोडं जास्तच उचलावं लागतं.

खात्रीसाठी आम्ही हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल या ट्रकच्या वजनकाट्यालाही जाऊन आलो. हे मूळचं आयोवातल्या वॉलकॉटचं काम, १९७७ पासूनचं, आणि ट्रेलरवाल्यांना फार उपयोगी. एकदा स्प्रिंग बार न लावता ट्रक-ट्रेलर जोडून वजन करायचं, मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून, तेवढीच माणसं बसवून नुसत्या ट्रकचं. जोडलेला असताना ट्रकचे दोन आस मिळून ६,६४०, एकटा असताना ५,८००. फरक ८४०, म्हणजे बॉलवरचं वजन, साधारण ३८० किलो. बाथरूमच्या काट्यानं ८३४ सांगितलं होतं. त्याला मी तेव्हापासून मान देऊ लागले. ट्रेलरचं एकूण वजन ६,९०० भरलं. बंपर-पुल (ट्रकमागच्या बॉलवर ओढायच्या) ट्रेलरच्या टंगवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावेत असं मानतात. आमचे १२ होतात, म्हणजे सामान योग्य लावलेलं आहे.

पण मग ९१५ पौंडांसाठी २,०००चा जॅक पुरे नाही का? दुपटीहून जास्त आहे की! मी इथंच अडकले होते.

ट्रकची शेपटी

आमच्या महाराष्ट्र मंडळात एक काका आहेत, निवृत्त, पंधरा वर्षं ट्रेलर ओढून आता फक्त एक छोटा सामानाचा ट्रेलर ठेवलाय. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत त्यांना हे सगळं पुराण ऐकवलं. त्यांनी शांतपणे पुरी घेतली आणि विचारलं, "अगं, जॅक नुसता ट्रेलर उचलतो असं तुला कुणी सांगितलं?"

"अहो काका, मग आणखी काय उचलणार?"

"बार चढवताना कधी ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसून बघितलंयस? बघ एकदा."

पुढच्या शनिवारी बसले. नवऱ्याला बटण दिलं. कपलर बॉलवर घट्ट, जॅक वर वर. मागच्या टायरचा जमिनीलगतचा फुगवटा हळूहळू ओसरला. चाकाच्या वरची कमान आणि टायर यांमध्ये तीन बोटं मावत होती, बघता बघता अख्खा पंजा मावला, अंगठ्यासकट. स्प्रिंगांनी कुरकुर केली. ट्रकची अख्खी शेपटी जॅकवर टांगली होती.

ज्यांच्याकडे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच आहे त्या सगळ्यांचं असंच होतं. टंगचं वजन ट्रकच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या आसांवर वाटून द्यायला दोन पोलादी बार ताणून फ्रेमला अडकवायचे असतात. ते हातानं ताणता येत नाहीत, म्हणून कपलर लॅच करून ट्रक आणि ट्रेलरचा सांधा जॅकनं उचलायचा, बार सैल असताना अडकवायचे, मग खाली सोडायचं. सांधा उचलताना जॅकवर टंगचं वजन तर येतंच, वर ट्रकच्या मागच्या बाजूचंही.

किती, ते काढायला टेप पुरते. रिकाम्या ट्रकच्या बॉलची जमिनीपासूनची उंची मोजा. मग बार न लावता ट्रेलर बॉलवर सोडा आणि पुन्हा मोजा. आमचा बॉल ३ इंच बसला. ८४० पौंडांना ३ इंच, म्हणजे इंचाला २८०. आता बार अडकवण्याच्या क्षणी बॉल रिकाम्या उंचीच्या किती वर असतो ते मोजा. सपाट जमिनीवर आमचा ३ इंच वर होता. म्हणजे ट्रकचे आणखी ८४० पौंड. बॉलवर एकूण १,६८०, आणि जॅक मागे असल्यामुळे त्यात साधारण दहा टक्के मिळवा: १,८४० च्या घरात. पिकअपच्या स्प्रिंगा अगदी सरळ हिशेबानं चालत नाहीत, तेव्हा शंभर पौंड इकडे-तिकडे होतील, पण चित्र स्पष्ट आहे. २,०००चा जॅक सपाटीवरच आपल्या मर्यादेला टेकलेला होता.

मग घरी कसा चालायचा आणि कॅम्पसाइटवर का नाही? फ्यूज उडालेल्या जागा एकेक आठवल्या. सगळीकडे साइट रस्त्यापेक्षा खाली होती. बाहेर पडताना ट्रकचं नाक चढावर, ट्रेलर सपाटीवर, आणि सांधा नेमका खोलगटात. असं असलं की बारची टोकं फ्रेमपासून आणखी दूर जातात आणि ती गाठायला सांधा जास्त उचलावा लागतो. प्रत्येक जादा इंचाला जॅकवर तीनशेहून जास्त पौंड चढतात. दोन इंच जादा उचललं की आकडा २,४५० वर जातो. आमच्या घरी उलट आहे: ट्रेलर गॅरेजपुढच्या सपाट जागेत आणि ट्रक रस्त्याकडे उतरणाऱ्या ड्राइव्हवेवर. सांधा उंचवट्यावर येतो, बार जवळजवळ आपोआप बसतात. जॅकची घरी कधी परीक्षाच झाली नव्हती.

याच जागी धोक्याचंही सांगून टाकते. मागची चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत कधीही उचलू नका. आमच्यासारख्या बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो आणि गिअरचा पार्कही तिथंच. ती चाकं हलकी झाली की ट्रकला धरून ठेवणारं काही उरत नाही. ट्रेलरच्या चाकांबरोबर ट्रकच्या पुढच्या चाकांनाही अडणी लावा. आणि बार ताणताना त्याच्या रेषेत पाय किंवा तोंड ठेवू नका.

मग किती क्षमतेचा घ्यायचा?

दुकानात हातानं फिरवायचे जॅक १,०००, २,००० आणि ५,००० पौंडांचे दिसतात. विजेवरच्यांत ३,५०० चे सर्वांत जास्त दिसतात, त्याहून मोठे ४,५०० आणि ५,००० चे. डब्यावर कधी दोन आकडे असतात, उचलण्याचा आणि नुसतं तोलून धरण्याचा. दुसरा नेहमी मोठा आणि मोठ्या अक्षरांत. तुम्हाला पहिला हवा.

मी असा हिशेब धरते: तुमच्या सर्वांत वाईट साइटवरचा भार जॅकच्या उचलण्याच्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांवर जाऊ नये. आमचे २,४५०, म्हणून ३,५००. टेपनं मोजमाप करायचा कंटाळा असेल आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिच असेल, तर ब्रोशरचा नव्हे तर मोजलेला टंग वेट घ्या आणि त्याच्या चौपटीच्या आसपासचा जॅक बघा. टंगवर १,१०० ते १,२०० पौंड येत असतील तर ३,५०० वर थांबू नका, पुढचा घ्या. साधी हिच असेल, बार नसतील, तर ट्रकची शेपटी उचलायची वेळच येत नाही. तिथं दुपट पुरते, आणि ९०० पौंडांच्या टंगला २,०००चा जॅक वर्षानुवर्षं चालेल. त्या दुकानदाराची चूक ही की त्यानं हिचबद्दल विचारलं नाही.

सर्वांत मोठाच का नको? घ्या, पण आधी तीन मापं घ्या. ए-फ्रेमवरचं (टंगच्या त्रिकोणी लोखंडावरचं) भोक बहुतेक सव्वादोन इंची नळीसाठी असतं. मोठ्या जॅकची नळी त्याहून जाड असेल तर बसणार नाही, आणि भोक मोठं करायला फ्रेमला हात लावू नका. दुसरं, उंची. मोटरचं डोकं उंच असलं की ट्रेलर जोडलेला असताना ट्रकची टेलगेट उघडताना त्यावर आदळते. आमच्या कॅम्पसाइटवरच्या शेजाऱ्याच्या टेलगेटला अगदी गोल खळगा आहे. तिसरं, पायाचा पल्ला. १८ इंचांचा सर्रास मिळतो आणि खाली लाकडाचा ठोकळा ठेवला तर तेवढा पुष्कळ होतो. ठोकळा ठेवाच. पाय जितका कमी बाहेर, तितका तो आडव्या धक्क्यानं वाकायची भीती कमी. लेक मिशिगनच्या काठच्या वाळूत तर ठोकळ्याशिवाय पाय जमिनीत शिरतो आणि जॅक आधी वाळू दाबत बसतो.

एक मोह मात्र टाळा. जॅकवरचा भार कमी करायला सामान मागे सरकवण्याची कल्पना आमच्याकडेही निघाली होती. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, बैलांची मान वर ओढली जाते. ट्रेलर उलाळ झाला तर तो हायवेवर शेपूट हलवायला लागतो, आणि ट्रकला सोबत घेऊन हलतो. बॉलवरचं वजन दहा टक्क्यांखाली नेऊन वाचवलेला जॅक कुणालाच नको आहे.

नवा जॅक येईपर्यंतचा उपाय फुकट आहे. साइट खोलगट असेल तर तिथं बार चढवायच्या भानगडीत पडू नका. कपलर, पिन, सुरक्षा साखळ्या, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि दिवे-ब्रेकचा सात पिनांचा प्लग लावा, जॅकचा पाय पूर्ण वर घ्या, आणि माणसाच्या चालीनं कॅम्पग्राउंडमधल्या सपाट जागेपर्यंत न्या. बार तिथं चढवा. आता नवा जॅक आहे तरी आम्ही चढाच्या साइटवर असंच करतो, कारण तीनशे-तीनशे पौंड कशाला उगाच चढवायचे?

बसवणं तासाभराचं काम आहे. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा, टंगखाली भक्कम स्टँड द्या, जुना काढा, तीन बोल्टांखालचं लोखंड घासा (हे दुसऱ्यांदा सांगतेय, मुद्दाम), नवा बसवा, फ्यूज मॅन्युअलमध्ये सांगितलेलाच लावा. हातानं फिरवायचं हँडल ट्रेलरच्या बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात ठेवा. आमचं पहिल्या वेळी पलंगाखाली, सगळ्या सामानाच्या मागे होतं. हिवाळ्यात, ट्रेलर नोव्हेंबरात झाकून ठेवण्याआधी, आतली नळी पुसून सिलिकॉन स्प्रे मारा आणि पाय जमेल तेवढा आत घेऊन ठेवा. आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरी गळाठलेली असते. मार्चमध्ये जॅक मंद चालला म्हणून लगेच नवा मागवू नका, आधी बॅटरी चार्ज करून बघा.

नव्या ३,५००च्या जॅकवर आम्ही क्लँप मीटर (तारेभोवती अडकवून अँपिअर मोजायचा चिमटा) लावून बघितला. सपाटीवर बार चढवताना १८ अँपिअर. मुद्दाम त्या सर्वांत वाईट साइटवर एकदा, फक्त बघायला म्हणून, पूर्ण उचलला: २४. आवाज बदलला नाही. नवऱ्याच्या ग्लव्हबॉक्समध्ये ३०च्या फ्यूजचं नवं पाकीट अजून न उघडलेलं आहे.

दुसरा २,०००चा जॅक धडधाकट होता, तो काकांना दिला. त्यांच्या सामानाच्या ट्रेलरच्या टंगवर दीडशे पौंडही येत नाहीत. परवा फोनवर म्हणाले, "अगं, तुझा जॅक इतका भरभर चालतो, मला बटण सोडायला वेळच मिळत नाही."